देवनागरीत लहान ‘बी’ नसतो, म्हणून बिट आणि बाईट पूर्ण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा नेटवर्कवरून नव्या मशीनवर कसा आणायचा यावर लेख आला होता. लेख चांगला होता, भाषा सोपी होती, मी तो वर्गात वाचूनही दाखवला. पण खाली जो तक्ता छापलाय त्यातली एक ओळ अशी आहे की ती वाचून माणूस उलटंच शिकेल, म्हणून हे पत्र. ओळ अशी आहे – ‘एटीए १३३ हार्डडिस्क केबल : १३३ एमबीपीएस, गिगाबिट लॅन : १००० एमबीपीएस’, आणि लेखात पुढे वाक्य आहे की नेटवर्क जुन्या केबलच्या साधारण साडेसात पट फास्ट असल्यामुळे नेटवर्कच्या स्पीडची काळजी करायचं कारण नाही.

असं नाहीये. पहिला आकडा मेगाबाईटचा आहे आणि दुसरा मेगाबिटचा. एका बाईटमध्ये ८ बिट, म्हणजे १३३ ला ८ नी गुणलं की १०६४ मेगाबिट होतात. ज्या चपट्या राखाडी केबलला तक्त्यानं साडेसात पट स्लो ठरवलं ती कागदावर गिगाबिट लॅनच्या किंचित पुढेच आहे. उलट बाजूनं केलं तरी तेच, १००० भागिले ८ म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाईट. एकीकडे १३३, एकीकडे १२५, इतके जवळजवळ बरोबरीचे दोन आकडे आणि छापताना एक दुसऱ्याच्या साडेसात पट झाला. खरोखर १३३ मेगाबिट जिचा वेग होता अशी केबल पण होऊन गेलीय, पण ती त्याच्या आधीची, नव्वदच्या दशकातल्या पीआयओ मोड ४ या जुन्या, स्लो एटीए पद्धतीची, सेकंदाला १६.७ मेगाबाईटवाली. म्हणजे तक्त्यानं एटीए १३३ चं नाव घेऊन आकडा पीआयओ ४ चा वाचायला लावला, बरोबर आठ पटीनं मागचा.

यात लेखकाचा दोष आहे असं मला वाटत नाही. इंग्रजीत बिटसाठी लहान ‘बी’ आणि बाईटसाठी मोठा ‘बी’ लिहायची पद्धत आहे, तीही सगळे पाळतात असं नाही, पण निदान सोय तरी आहे. आपल्या देवनागरीत लहान लिपी मोठी लिपी हा प्रकारच नाही. त्यामुळे मूळ माहितीत दोन वेगळी अक्षरं असली तरी मराठीत येताना दोन्हीचं ‘एमबीपीएस’ होतं आणि वाचणाऱ्याकडे ओळखायला काहीच उरत नाही. बोलतानाही तेच, नेट ‘शंभर एमबीचं’ घेतलंय आणि फाईल ‘शंभर एमबीची’ आहे, मग एका सेकंदात उतरायला पाहिजे ना, असं लोक विचारतात तेव्हा त्यांचं काही चुकलेलं नसतं, त्यांना दोन वेगळ्या मापांना एकच नाव दिलं गेलेलं असतं. उत्तर आठ सेकंद आहे, आणि खरं बघायला गेलं तर साडेआठच्या आसपास, ते का हे पुढे येतंच.

मी हे पोटतिडकीनं लिहितोय कारण हा फटका मी स्वतः खाल्लाय. हार्डवेअर शिकवायच्या आधी मी डेटा हलवायची कामं करायचो. २००४ च्या आसपास एका ऑफिसचं जुनं मशीन बदलायचं होतं, ८० जीबीची आयडीई (म्हणजे एटीएच) डिस्क जवळजवळ भरलेली, आणि ऑफिसात १०० चं लॅन. मी मनातल्या मनात हिशोब केला की ८० जीबी म्हणजे ८० हजार एमबी, नेटवर्क १०० चं, म्हणजे ८०० सेकंद, सव्वातेरा मिनिटं, आणि अर्धा तास काम थांबवा असं सांगून मोकळा झालो. लोक फायली बंद करून बाजूला बसले. कॉपी सुरू केली तर विंडोमध्ये आकडा आला ११. सेकंदाला ११ एमबी. मला वाटलं केबल खराब आहे, केबल बदलली. स्विचचा पोर्ट बदलला. कार्डाचं सेटिंग ऑटोवरून फुल डुप्लेक्सवर नेलं आणि परत ऑटोवर आणलं. दर वेळी कॉपी पहिल्यापासून, आणि आकडा तोच, ११, कधी ११.२. शेवटी जुन्या एका सीनियरला फोन केला, त्यानं एवढंच विचारलं की शंभर काय, बिट का बाईट? तिथे माझ्या लक्षात आलं की नेटवर्क पूर्ण ताकदीनं पळतंय आणि मी त्यात बिघाड शोधत बसलोय. १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे १२.५ मेगाबाईट, त्यातून थोडं वरखर्चात जाऊन हातात ११ आणि काहीतरी. ८० जीबीला दोन तास. त्या लोकांचा अर्धा दिवस गेला, माझ्या एका भागाकारामुळे.

तो वरखर्च कसा निघतो तेही सांगतो, कारण इतक्या स्वच्छपणे मोजता येणाऱ्या गोष्टी फार नसतात. इथरनेटवर (लॅन ज्या पद्धतीनं चालतं त्यावर) एका खेपेला जास्तीत जास्त १५०० बाईट जातात. त्यातले २० बाईट आयपीच्या आणि २० टीसीपीच्या हेडरला, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पत्ता-क्रमांकाच्या चिठ्ठ्यांना, लागतात, राहिले १४६० हा आपला खरा माल. शिवाय त्या १५०० च्या बाहेर इथरनेटचं स्वतःचं हेडर १४ बाईट, शेवटी तपासणीचे ४, सुरुवातीला समोरच्याला जागं करायला ८, आणि दोन खेपांच्या मध्ये १२ बाईट जातील एवढी गप्प बसायची वेळ. एकूण १५३८. म्हणजे तारेवरून १५३८ बाईटइतका वेळ गेला तेव्हा आपल्याला १४६० मिळाले, साधारण ९५ टक्के. १०० च्या लॅनवर १२.५ चे ११.८७ होतात, गिगाबिटवर १२५ चे ११८.७. मग विंडोमध्ये गिगाबिटवर ११३ च का दिसतात आणि १०० वर ११.३ च का? कारण विंडोज १०२४ नी भागून दाखवतं आणि नाव मात्र एमबीच लिहितं. ११८.७ दशलक्ष बाईटला १०२४ नी दोनदा भागा, ११३ येतात. ज्याच्या स्क्रीनवर ११३ दिसतोय त्याचं गिगाबिट नेटवर्क ठणठणीत आहे, त्यानं काही दुरुस्त करायला जाऊ नये. वर शंभर एमबीच्या फाईलचं साडेआठ सेकंद म्हटलं तेही यातूनच आलं.

आता मुळात दोन मापं आली कुठून हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. डिस्कच्या केबलमध्ये तारा शेजारी शेजारी असायच्या आणि एका ठोक्याला आख्खा बाईट किंवा दोन बाईट एकदम जायचे. जुन्या स्कझीमध्ये (ही डिस्क जोडायची आणखी एक पद्धत) ८ डेटा तारा आणि सेकंदाला ५० लाख ठोके, म्हणजे सरळ ५ मेगाबाईट. फास्ट स्कझीला ठोके दुप्पट म्हणून १०, तारा १६ केल्या की फास्ट वाईड, २०. असं दुप्पट दुप्पट करत शेवटी अल्ट्रा ३२०, तिथे १६ तारा आणि सेकंदाला १६ कोटी ठोके. एटीएमध्ये पण १६ च डेटा तारा, म्हणून एटीए १३३ म्हणजे दोन बाईट गुणिले साधारण ६ कोटी ६७ लाख ठोके. (४० तारांच्या जागी ८० तारांची केबल आली ती डेटाच्या तारा वाढवायला नव्हती बरं का, मधल्या ४० तारा नुसत्या ग्राउंडच्या होत्या, शेजारच्या तारेतला गोंधळ या तारेत येऊ नये म्हणून. कनेक्टर तोच ४० पिनांचा. ‘८० वायर म्हणजे डबल डेटा’ असं अजूनही लोक छातीठोक सांगतात.) अशा ठिकाणी बाईटमध्येच मोजणं सोपं. नेटवर्कवाल्यांकडे मात्र एक जोडी तार आणि त्यातून एकामागून एक बिट, त्यामुळे त्यांनी बिट मोजले. दोघांनीही आपापल्या समोर जे दिसत होतं ते मोजलं.

पण यावरून ‘डिस्क म्हणजे बाईट आणि नेटवर्क म्हणजे बिट’ असा नियम पाठ केला तर तोही फसवतो. पीसीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या हार्डडिस्क, एसटी-५०६ घराण्यातल्या, त्यांचा वेग बिटमध्येच लिहायचे, सेकंदाला ५ मेगाबिट, कारण त्या केबलमधून हेडवरून जसेच्या तसे बिट एका रांगेत कंट्रोलरकडे यायचे. एसटी-५०६ आली १९८० मध्ये आणि त्याच वर्षी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून १० मेगाबिट इथरनेटचं स्पेसिफिकेशन काढलं. दोन्ही आकडे बिटमध्ये, एक ५ आणि एक १०, थेट तुलना करता येते आणि ती केली की गंमत वाटते, की तेव्हा नेटवर्कची तार डिस्कच्या दुप्पट वेगाची होती! ५ मेगाबिटचे सुद्धा हातात सगळे येत नसत. ५ भागिले ८ म्हणजे सेकंदाला ६२५ हजार बाईट, पण ट्रॅकवर (डिस्कवरच्या एका गोल पट्ट्यावर) सेक्टर, म्हणजे त्याचे तुकडे, १७, प्रत्येकात ५१२ बाईट, डिस्क मिनिटाला ३६०० म्हणजे सेकंदाला ६० फेरे, गुणाकार करा, ५,२२,२४० बाईट. बाकीचे सेक्टरांच्या मधल्या जागेत आणि खुणांमध्ये जायचे. त्यातून कंट्रोलर सलग सेक्टर उचलू शकत नसेल आणि ३:१ इंटरलीव्ह (पुढचा सेक्टर दोन सोडून तिसऱ्या जागी) ठेवलं असेल तर एक ट्रॅक वाचायला तीन फेरे, म्हणजे १,७४,०८०. पाच मेगाबिट असं छापलेलं आणि हातात सेकंदाला पावणेदोन लाख बाईट.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा, आणि तुमच्या तक्त्यात पण ती आहे. तिथे ‘साटा : १.५ गिगाबिट’ असं बरोबर लिहिलंय, आणि कंसात १८७.५ मेगाबाईट. आठनी भागलंय, वर्गात शिकवतात तसं. पण साटाचा (एटीएच्या जागी आलेल्या, एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सीरियल केबलचा) पहिला वेग १५० मेगाबाईट आहे, १८७.५ नाही. साटात तारेवर प्रत्येक ८ बिटांच्या जागी १० बिट पाठवतात. एकसारखी शून्यं किंवा एकसारखे एक लांबच्या लांब आले तर समोरच्याला ठोका सापडत नाही, आणि दोन्हीचं प्रमाण सारखं राहिलं नाही तर सिग्नल एका बाजूला झुकत जातो, म्हणून हा दोन बिटांचा जास्तीचा खर्च करतात. २००३ मध्ये साटा आलं तेव्हा जो आकडा पुढे आला तो तारेवरचे सगळे बिट धरून, म्हणून तिथे भागायचं १० नी. १.५ चे १५०, ३ चे ३००, ६ चे ६००. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट पण असेच, ५००.

मग कोणी म्हणेल की सीरियल असेल तिथे १० नी भागू. तेही नाही! फायबरवरचं गिगाबिट इथरनेट बघा, त्यातही हीच ८ चे १० करायची पद्धत आहे, अगदी तीच, पण तिथे तार धावते १.२५ वर आणि नाव दिलंय १००० मेगाबिट. म्हणजे त्यांनी खर्च वजा करून उरलेला आकडा सांगितला. १०० च्या फास्ट इथरनेटमध्ये तार १२५ वर धावते, ४ बिटांचे ५ करून, नाव १०० च. त्यामुळे इथरनेटला ८ नीच भागायचं. एकाच युक्तीचे दोन हिशोब, साटावाल्यांनी तारेवरचं मोजलं आणि इथरनेटवाल्यांनी हातात येणारं. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, बिट-बाईटपेक्षाही इथे जास्त, कारण बिट-बाईट निदान शिकवतात तरी. मी पोरांना सांगतो की भागाकार करायच्या आधी हा आकडा मोजला कुठे ते विचारा, तारेवर का तारेच्या टोकाला. जुन्या सीरियल पोर्टवर ज्यांनी काम केलंय त्यांना हे नवीन वाटणार नाही, ९६०० च्या पोर्टवरून सेकंदाला ९६० अक्षरंच जायची, १२०० नाही, कारण प्रत्येक बाईटमागे एक स्टार्ट बिट आणि एक स्टॉप बिट. कारण वेगळं पण भागायचं १० नीच.

यूएसबी २.० ला तर ८ पण चालत नाही आणि १० पण नाही. ४८० भागिले ८ म्हणजे ६० येतात, पण यूएसबीचा वेळ १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात ५१२ बाईटची जास्तीत जास्त १३ पाकिटं बसतात. सेकंदाला ८००० तुकडे. १३ गुणिले ५१२ गुणिले ८०००, म्हणजे ५३ मेगाबाईटच्या थोडं वर, हे आदर्श. जुन्या एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) डिस्क टाकून प्रत्यक्षात ३० ते ३५ मिळतात, ४० मिळाले तर चिपसेट चांगला आहे असं समजायचं. आणि फायरवायर ४०० या यूएसबीसारख्याच दुसऱ्या पोर्टचा खरा आकडा ३९३.२१६ मेगाबिट, म्हणजे ४९ मेगाबाईटच्या वर थोडं, तरी डिस्क कॉपी करताना ते यूएसबी २.० ला बऱ्याचदा मागे टाकायचं. नावातले आकडे बघितले तर ४८० आणि ४००. जुनी यूएसबी १.१ असेल तर मात्र सरळ हात जोडावेत, १२ मेगाबिट म्हणजे कागदावर दीड मेगाबाईट, हातात एकच्या आसपास, ८० जीबीला २२ तास. आणि तिचं अधिकृत नाव ‘फुल स्पीड’ आहे, ४८० वालीचं ‘हाय स्पीड’. पाकिटावर ‘यूएसबी २.० फुल स्पीड’ वाचून किती लोकांनी १२ चं उपकरण घेतलं असेल.

हजार आणि १०२४ चं पण थोडं बोललं पाहिजे, कारण कन्व्हर्ट करताना ते मध्ये येतं. नेटवर्कमध्ये किलो म्हणजे हजारच, मेगा म्हणजे दहा लाखच, तिथे १०२४ कधीच नव्हते. केबलचे आकडे पण हजारातच, कारण ते ठोक्यांवरून येतात आणि ठोके हर्ट्झमध्ये. मेमरी आणि विंडोज १०२४ मध्ये. आणि साडेतीन इंची फ्लॉपीचं १.४४ एमबी म्हणजे दोन्हीची खिचडी, त्यात १४,७४,५६० बाईट असतात, हजारानं दोनदा भागलं तर १.४७, १०२४ नी दोनदा भागलं तर १.४१, १.४४ यायला एकदा हजारानं आणि एकदा १०२४ नी भागावं लागतं. यासाठी १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मापदंड संस्थेनं १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी अशी वेगळी नावं काढली, पण बोलण्यात ती आली नाहीत. सीडी ड्राईव्हचा १ एक्स म्हणजे १५० केबी हा आकडा १०२४ वाला आहे, सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाईट, १,५३,६०० बाईट. बिटमध्ये १२ लाख २८ हजार ८००. म्हणून ८ एक्सचा ड्राईव्ह १० च्या लॅनवर शेअर केला तर ९.८३ मेगाबिट होतात, वाटतं की बसला बरोबर, पण इथरनेटचा तो ५ टक्के वरखर्च काढला की ९.५ च उरतात आणि ड्राईव्ह थोडा थोडा अडखळत चालतो. फरक एवढाच, पण व्हिडिओ लावला की दिसायचा.

लेखातल्या अजून एका वाक्याबद्दल. ‘एटीए १३३ ची डिस्क सेकंदाला १३३ देते’ असं लिहिलंय. ती केबलची मर्यादा आहे, डिस्कची नाही. त्या काळातली चांगली डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर सेकंदाला ५०-६० मेगाबाईट द्यायची आणि आतल्या ट्रॅकवर त्याच्या साधारण निम्मे, कारण फेरे तेवढेच पण आतला ट्रॅक लहान म्हणून त्यावर सेक्टर कमी. कॉपी सुरुवातीला जोरात आणि शेवटी शेवटी सुस्त होते ती बऱ्याचदा यामुळे, डिस्क खराब झाली म्हणून नाही. एका केबलवर मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन्ही डिस्क लावून एकावरून दुसऱ्यावर कॉपी मारली तर दोघं आळीपाळीनं केबल वापरतात, कारण एटीएवर एका वेळी एकच बोलू शकतो, त्यामुळे जमलं तर दुसरी डिस्क दुसऱ्या केबलवर लावावी. आणि जुन्या मशीनमध्ये पीसीआय स्लॉटला गिगाबिट कार्ड टाकून ‘आता १२५ मिळणार’ म्हणणाऱ्यांसाठी, पीसीआय म्हणजे ४ बाईट गुणिले ३ कोटी ३३ लाख, परत १३३ च, आणि ते सगळ्या स्लॉटना मिळून. डिस्कचं कंट्रोलर कार्ड पण पीसीआयला असेल तर प्रत्येक बाईट त्याच रस्त्यावरून दोनदा जातो, एकदा डिस्ककडून मेमरीत आणि एकदा मेमरीतून नेटवर्क कार्डाकडे. १३३ चे निम्मे ६६, आणि ते पण आदर्श परिस्थितीत. मी अशा मशीनवर ४० च्या वर गेलेलं क्वचितच बघितलंय.

तक्त्यात सगळं येऊ शकत नाही, जागा कमी असते, हे मला कळतं. माझी मागणी छोटी आहे. तुमच्या पेपरात यापुढे ‘एमबीपीएस’ हा शब्द वापरू नका. ‘सेकंदाला मेगाबिट’ किंवा ‘सेकंदाला मेगाबाईट’ असं पूर्ण लिहा, दोनचार अक्षरं जास्त जातील पण ती जाऊ द्या. ‘एमबी’ फक्त फाईलच्या आणि डिस्कच्या साईझसाठी ठेवा. नेटवर्क आणि डिस्क एका तक्त्यात घेत असाल तर सगळा तक्ता एकाच मापात करा, मेगाबाईट घेतलेलं बरं, कारण वाचणाऱ्याकडे फाईल असते आणि फाईल बाईटमध्ये असते. इंग्रजीतून माहिती घेताना ‘बी’ लहान आहे का मोठा हे ज्यानं मूळ मजकूर डोळ्यांनी बघितलाय त्यालाच माहीत असतं, त्यानं ते तिथल्या तिथे मराठीत उलगडून ठेवलं नाही तर पुढच्या कोणालाच ते शोधून काढता येत नाही, ना उपसंपादकाला ना वाचकाला.

वर्गातल्या एका मुलीनं तुमचं कात्रण वहीत चिकटवलंय आणि त्याच्या बाजूला पेन्सिलनं ‘१३३ × ८ = १०६४ ???’ असं लिहून मला दाखवायला आणलं होतं. तिचं बरोबर होतं, पण छापलेलं चुकीचं असेल असं म्हणायचा तिला धीर होत नव्हता. तिच्यासाठी तरी येत्या अंकात त्या तीन ओळी दुरुस्त करून छापा. त्या अशा हव्यात : एटीए १३३ केबल, सेकंदाला १३३ मेगाबाईट, म्हणजे १०६४ मेगाबिट. साटा पहिली पिढी, तारेवर १५०० मेगाबिट, हातात १५० मेगाबाईट. गिगाबिट लॅन, सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाईट, फाईल कॉपी करताना साधारण ११८.

कळावे,
आपला,
कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवणारा एक वाचक